एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकताना

नोकरी गेल्याचं पत्र हातात आलं तेव्हा मी बऱ्यापैकी शांत होतो. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याचा मी प्रमुख होतो. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली, त्यांनी आपला माणूस आणला, आणि एका कारखान्याला दोन प्रमुख लागत नाहीत हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशी पत्रं मी स्वतः इतरांच्या हातात ठेवली होती. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. कंपनीची गाडी घेऊन ड्रायव्हर मला शेवटचं घरी सोडून गेला.

पंचाईत सोमवारी झाली. बायको शाळेत शिकवते. तिची स्कूटी पंक्चर होती. "मला सोडता का?" तिनं विचारलं. आमची स्वतःची गाडी दारात उभी होती, पण ती चालवायची आमची मुलगी, आणि मुलगी आता बंगळूरला. मी किल्ली घेऊन आत बसलो आणि क्लच कुठला, ब्रेक कुठला इथूनच गोंधळ सुरू झाला. अकरा वर्षं मी मागच्या सीटवर बसलो होतो. गेटच्या खांबाला दार घासलं गेलं. बायको उतरली आणि रिक्षानं गेली.

पुढचे कित्येक दिवस मी बायोडेटा लिहीत बसायचो. लिहायचो आणि खोडायचो. नोकऱ्या लावून देणाऱ्या एका संस्थेतली मुलगी फोनवर फार अदबीनं म्हणाली, "सर, ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही स्वतः नेमकं काय करत होता?" मी म्हटलं, "कारखाना चालवत होतो." ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मीही.

एका शनिवारी ड्रायव्हरचा फोन आला. ते बारामतीजवळच्या पिंपळीचे, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. कारखान्यात सगळे त्यांना तात्याच म्हणायचे. आता ते नव्या साहेबांच्या गाडीवर होते.

"साहेब, उद्या मी मोकळा हाय. गाडी शिकायची का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वहिनींनी."

मला राग आला, लाजही वाटली. पण गेलो. रविवारी सकाळी पिंपळीच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर तात्या शेजारी बसायचे आणि मी घामाघूम व्हायचो. "साहेब, क्लचवरचा पाय काढा, जळंल त्यो." दरडावतानाही 'साहेब' सुटत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी त्यांना विचारलं, "तात्या, अकरा वर्षं तुम्ही माझे सगळे फोन ऐकलेत. मला नक्की काय येत होतं?"

"आदी गियर बदला."

मी बदलला. मागून कुणी येत नाही ना, ते त्यांनी बघून घेतलं. मग म्हणाले, "तुमी ऐकून लई घ्यायचा. समोरचा बोंबलायचा आन् तुमी नुसतं हं, हं करायचा. मंग त्यो गप व्हायचा."

"एवढंच?"

"आता इंग्रजी मला कुठं समजतंय? हं, हं तेवढं कळायचं."

बायोडेटात लिहिण्यासारखं तर ते नव्हतंच.

चौथ्या रविवारी आम्ही इंदापूरला निघालो. अम्मी तिथं माझ्या धाकट्या भावाकडं असते. दोन महिने झाले तरी तिला मी सांगितलं नव्हतं. साखर कारखाने चालू होते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं होता आणि त्याला ओलांडायचं धाडस मला होईना. तात्या दोनदा म्हणाले, "आता घ्या." मी नाही घेतली. सात-आठ किलोमीटर आम्ही त्याच्यामागूनच गेलो.

अम्मी दारातच होती. मी ड्रायव्हरच्या बाजूनं उतरलो आणि तात्या दुसऱ्या बाजूनं, हे बघून ती म्हणाली, "अगं बाई! तात्यांना बरं न्हाय का?"

मी तिथंच सांगून टाकलं, "अम्मी, माझी नोकरी संपली."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "रिटायर झालास व्हय? बरं झालं, बेटा. तुझ्या अब्बांनी मरंपर्यंत दुकानातनं अंग काढलं न्हाय."

ती आत गेली, शिरा केला आणि भावजयीच्या हातानं चार घरी पाठवला. पोरगा रिटायर झाला म्हणून. तात्या ताटली हातात धरून माझ्याकडं बघत होते. आता खरं सांगायला हवं, असं मला वाटत होतं. मी शिरा खात राहिलो.

तो शिरा ज्या घरांत गेला, त्यातल्या एका घरच्या दोघा भावांची गावाबाहेर डेअरी आहे. आठवड्यानं थोरल्याचा फोन आला. "तुमी रिटायर झालाय म्हणं. मोकळेच आहात, तर जरा आमच्याकडं या." डेअरीत दोघं भाऊ एकमेकांशी वर्षभर बोलत नव्हते. थोरल्याचा निरोप कारकून धाकट्याला सांगायचा आणि तोवर दूध टँकरमध्ये तापत उभं राहायचं. मी दोघांशी वेगवेगळा बसलो. काय केलं म्हणाल, तर फारसं काही नाही. महिन्याभरात दोघं एका टेबलावर चहा प्यायला लागले. अजून ते माझ्याशीच जास्त बोलतात.

आता मी आठवड्यातून तीन दिवस गाडी चालवत इंदापूरला जातो. तिथं माझं पद काय, हे कुणी ठरवलेलं नाही. पोरं मला 'चाचा' म्हणतात. काही दिवस बरं वाटतं. काही दिवस घरी येऊन मी पुन्हा नोकऱ्यांच्या जाहिराती चाळतो. गेल्या आठवड्यात हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलंय. हुद्दा आधीच्यापेक्षा एक पायरी खाली. मी आठ दिवस मागून घेतलेत.

"जायचंय का?" बायकोनं काल विचारलं.

"माहीत नाही."

"इथं बरं वाटतंय का, तेवढं तरी सांगा."

मी खरंच विचार केला. उद्या डेअरीतल्या धाकट्याला दूध थंड करायच्या चिलिंग प्लँटबद्दल विचारायचंय, त्यामुळं लवकर निघावं लागेल, एवढंच मी तिला सांगितलं.