ओटीच्या बांगड्या

हिरव्या काचेचे तुकडे दिसले की ते प्रकरण मला आजही आठवते. तेव्हा मी तुळजापूर तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन, खात्याच्या परीक्षा देत मी तिथवर आलो होतो. कुणाच्या शिफारशीची चिठ्ठी लावली नव्हती.

सकाळची हजेरी चालू असताना गावोगाव बांगड्या भरणारी एक मावशी दारात आली.

"साहेब, पाच दिवसांमागं एका घरी ओटीभरणाला बांगड्या भरल्या. पोरगी पंधरा-सोळाची, सातवा महिना. हाडं पोरीची अन् मनगट बाईचं. साबण लावून चढवल्या. माझं नाव घेऊ नका, धंदा बसंल."

खबर बालविवाहाची. स्टेशन डायरीत नोंद केली, महिला शिपायाला सोबत घेतले आणि जीप काढली.

त्या घरी पोहोचलो तेव्हा मुलीची सासू ओट्यावर बसली होती.

"सून कुठंय?"

"माहेरी गेली, सायेब. तामलवाडीला. परवाच्या येष्टीनं. खिडकीची जागा मिळाली तिला."

मी खिडकीचे विचारलेच नव्हते. खोटे बोलणारा माणूस मापापेक्षा जास्त देतो, हे मला शिपाई असताना आठवडी बाजारातल्या बंदोबस्ताने शिकवले होते. माझा आवाज चढला. आवाज चढवून काही हाती लागत नाही हे ठाऊक होते, तरी चढला.

तेवढ्यात उंबऱ्यापाशी हिरवी काच दिसली.

"हे काय?"

"वाढवल्या, सायेब."

बांगडी फुटली, काढली असे आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी पुढे निघालो होतो. महिला शिपाई मात्र खाली बसली.

"मावशी, माझ्या दोन्ही बाळंतपणांत ओटीच्या बांगड्यांना मी हात लावला न्हाय. तुमी कशा वाढवल्या?"

"हात सुजला वो बाई. काच रुतत होती. पोरीचं अंग भरलंय."

"डोकं दुखतंय तिचं?"

"चार दिस झालं. डोळ्यापुढं काजवे दिसत्यात म्हणती."

शिपाई उठली. "साहेब, पोरीचा रक्तदाब वाढलेला दिसतोय. माझ्या बहिणीला असंच होऊन झटके आले होते. ती वाचली न्हाय."

सासूने आत बोट दाखवले; मुलगी माहेरी नव्हे, मागच्या खोलीत होती. दवाखान्यात का नेले नाही, असे विचारल्यावर सासूने सरळ सांगितले, "आधार कार्ड मागत्यात. वय कळलं की तुमी येता. लेक जेलात गेला तर?"

सौदा करणे मला जमते. "गुन्हा दाखल होणार, त्यात सूट नाही," मी म्हणालो. "पण आत्ता पोरीला जीपमध्ये बसवलंत तर तुम्ही स्वतः सोबत आलात, हे खरं लिहीन. अडवलंत तर तेही लिहीन."

आतून सासरा ओरडला, "बसव गं तिला! ह्यो सायेब घासाघीस ऐकायचा न्हाय."

मुलगी भिंत धरत बाहेर आली. तोंड सुजले होते. मी सरकारी रुग्णालयात फोन करून ठेवला. तिथल्या दारातच तिला पहिला झटका आला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि रक्तदाब आटोक्यात आल्यावर शस्त्रक्रिया केली. बाळ काचेच्या पेटीत गेले. दोघेही जगले.

"घरी झटका आला असता तर बाहेरची बाधा म्हणून तुम्ही अंगारा लावत बसला असतात," डॉक्टर सासूला म्हणाल्या. "दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात."

गुन्हा संध्याकाळी दाखल केला. पंधरा दिवसांनी मला वरिष्ठ कार्यालयातून नोटीस आली: गुन्हा नोंदवण्यास विलंब का झाला, खुलासा करा. त्या वर्षी प्रशंसापत्राच्या यादीतून माझे नाव गेले. तो राग अजून आहे, लपवत नाही.

पुढे प्रत्येक गावच्या बैठकीत मी एवढेच सांगत आलो: अठराच्या आत पोरींची लग्नं लावू नका, लावून बसला असाल तर पोलिसांच्या भीतीने गरोदर पोरीला घरात कोंडू नका. हात-तोंड सुजले, डोके दुखले, डोळ्यांपुढे काजवे आले तर आधी दवाखाना गाठा, आमचे नंतर पाहू.

नोटिशीतला शब्द मात्र बरोबर होता. विलंब झालाच होता. मी जीपमधून नेण्यात काही तास घालवले. त्या पोरीने आमच्या धास्तीने चार दिवस काढले. त्या चार दिवसांचा खुलासा कुणी मागितला नाही.