भरलेली

आमच्या गोराईत 'भरलेली' चिंबोरी म्हणजे मांसाने भरलेला खेकडा. अवसेला भरलेली, पुनवेला पोकळ, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बोरीवलीला सासरी आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मी अक्कल पाजळली: 'आईकडची ताजी चिंबोरी, भरलेली मिळेल.' बायकांनी अर्थ घेतला लाखेची, म्हणजे पोटात नारिंगी अंडी असलेली. घोळ माझ्या लक्षात आला तोवर ऑर्डरींवर ऑर्डरी आल्या होत्या, आणि मी मूर्खासारखी गप्प बसले. एवढं कौतुक मला सासरी पहिल्यांदाच मिळत होतं ना.

आई खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत फग लावते. लोखंडी कडीला बांधलेलं जाळं, मधे आमिष. त्यात लाखेची सापडली की सोडून द्यायची, हा तिचा नेम. अंडी घालायला चिंबोरी खाडीतून समुद्रात जाते, म्हणून आई तिला पाण्यात सोडताना म्हणायची, "जा बाय, बालंतपनाला म्हायेरा जा." माझा शब्द राखायला तिने ते सोडणंही बंद केलं आणि म्हणणंही.

एकटी तीच नव्हे. जिवंत चिंबोरी परदेशी पाठवणारे व्यापारी आले, मासळी आधीच आटलेली, मग अख्खं गावच फग घेऊन तिवरांत उतरलं. काही वर्षांतच चिंबोऱ्यांची बिळं बुजली. त्या बिळांतून भरतीचं पाणी चिखलात खेळायचं. आता चिखल आंबतो, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यासुद्धा दिसत नाहीत. आई हे फोनवर सांगायची आणि मी विचारायचे, "बरं, शनिवारच्या ऑर्डरींचं काय?" लिहितानाही माझी मलाच चीड येते.

गेल्या अवसेला मी तिच्याबरोबर गेले. एकामागून एक फग रिकामे. शेवटच्यात एक होती, कवचाच्या कडेने नारिंगी दिसत होतं.

"आई, सोड गं तिला. मी ग्रुपवर सांगते, बंद झालं म्हणून."

"आनि मी काय करू? मासली नाय म्हनून तुझ्या बापानं होडी इकली. माझ्याकडं ह्योच धंदा उरलाय."

तिने चिंबोरी पायाखाली धरली, नांग्या सुतळीने आवळल्या. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "जा बाय..." आणि ती थांबली.

मग टोपलीत टाकून मला म्हणाली, "लिव तुझ्या बायकांना. भरलेली हाय."