बाईंनी ‘या’ म्हटल्याशिवाय

विश्वनाथअप्पांची आणि माझी पहिली ओळख माझ्या स्वयंपाकघरात झाली. ते तेव्हा उदगीरला त्यांच्या घरी होते आणि मी लातुरात भाजीला फोडणी देत होते. नोकरी-धंदा सांभाळून बी.ए. करणाऱ्या मोठ्या माणसांचा माझा ऑनलाइन वर्ग रविवारी सकाळी आठला संपायचा. त्या दिवशी लॅपटॉप बंद करायचा राहिला. दहा वाजता बाहेरच्या खोलीतून घोगरा आवाज आला, “बाई, दुकानाचं कुलूप काढायचं हाय. येऊ का?”

दोन तास अप्पा पडद्यासमोर बसून होते. निरोपाला बाईंनी ‘या’ म्हटलं नव्हतं, मग उठायचं कसं, हा त्यांचा प्रश्न.

वय अठ्ठावन्न, मोंढ्यात धान्याचं दुकान, गळ्यात इष्टलिंग आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, कारण वडील गेले आणि दुकान गळ्यात पडलं. पदवी कशासाठी, असं मी एकदा विचारलं. “घरात मी सोडून समदे ग्रॅज्युएट,” ते म्हणाले. “पोराचे सासरे आले, बोलणं रंगलं की मलाच म्हणत्यात, अप्पा, चहाचं बघा की जरा.”

मी पडद्यावर दिसले की अप्पा उठून उभे राहायचे. बाईंसमोर बसायचं नाही, ही त्यांची शिस्त. त्यामुळे मला तो किल्ल्यांचा जुडगा तेवढा दिसायचा. “बसा, अप्पा” म्हटल्यावरच चेहरा खाली यायचा. बाकीच्यांचा खोळंबा व्हायचा, मी चिडायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जुडगाच हजर.

दिवाळीनंतर एकेचाळीसचा वर्ग नवावर आला. कोणी भांडून गेलं नाही. नुसतं दिसेनासं झालं. विद्यापीठाकडून विद्यार्थ्यांसाठी समाधानाचा फॉर्म आला, व्हिडिओ कसे, पुस्तकं कशी, नेट कसं. अप्पांनी प्रत्येक रकान्यात एकच लिहिलं होतं: ‘बाई नाव घेऊन बोलतात.’ मी वाचलं आणि शरमले. नाव मी फक्त त्यांचंच घेत होते, तेही बसवण्यासाठी.

शेवटच्या वर्षी अप्पांचं इंग्रजी राहिलं. पुन्हा दिलं, पुन्हा राहिलं. त्या रविवारी वर्ग संपला. अप्पा म्हणाले, “बाई, घरचे हसायलेत. आता बस झालं. येऊ का?”

दुसरा कोणी असता तर न सांगताच गेला असता. हा माणूस कायमचं जायलाही परवानगी मागत होता. एक ‘या’ म्हटलं की संपलं.

“नाही,” मी म्हणाले. “बसा, अप्पा.”

“बाईच बसा म्हणत्यात,” ते पुटपुटले, “आता उठावं कसं?” पुढचे चार महिने दुकान उघडण्याआधी ते रोज फोनवर मला इंग्रजी उतारा वाचून दाखवायचे. माझा चहा रोज गार व्हायचा.

बी.ए.च्या निकालानंतर अप्पा एसटीने लातूरला आले, पेढे घेऊन. दार उघडलं आणि मी त्यांना किल्ल्यांवरून ओळखलं. पोराच्या सासऱ्यांसमोर आता चहाचं दुसरं कोणीतरी बघतं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग उठले, हात जोडले.

“येऊ का, बाई?”

‘या’ काही तोंडातून निघेना.

“बसा, अप्पा,” मी म्हणाले. “एम.ए.चे प्रवेश सुरू झालेत.”

अप्पांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसले.