आईचा हॉस्पिटल नंबर
जुन्या कोटाच्या खिशात आज आईच्या ऑपरेशनचं लेटर सापडलं. साउथहॅम्प्टनच्या त्या वेटिंग रूममध्ये मी सारख्या येरझाऱ्या घालत होते आणि आयुष्यभर नवसांना हसणारे माझे गणितशिक्षक बाबा त्याच लेटरच्या मागच्या बाजूला तिच्या सात आकडी हॉस्पिटल नंबरला, म्हणजे पेशंट क्रमांकाला, एकेका मूळ संख्येने भागत होते. “ही मूळ संख्या निघाली, तर ती घरी येईल,” ते पुटपुटले. “बाबा, पुरे ना आता!” “थांब गं, वर्गमुळापर्यंत जायला हवं.” सर्जन हसत बाहेर आले, तेव्हाही ते भागतच होते. “बघ, कशानेच भाग जात नाही!” म्हणाले. आज नीट पाहिलं. त्रेपन्नाने पूर्ण भाग गेला होता. त्याखाली, कागद फाटेपर्यंत पेन दाबून, त्यांनी एकोणसाठाने भागायला घेतलं होतं.