बुटकीच्या माथी

यातलं आता कुणीच उरलं नाही, म्हणून लिहिते. शेवटी राहिले होते ते माझे यजमान. त्यांनाही जाऊन चार महिने झाले.

वणीपासून थोड्या अंतरावर एक चुनाभट्टी होती. भट्टीपासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत मैलभर रूळ होते आणि त्यांवर चुन्याचे डबे नेणारं, कोळशाचे आणणारं एक लहानसं इंजिन होतं. चार चाकांचं, आखूड धुराड्याचं. कुठल्याशा बंदराच्या बांधकामावर दगड ओढता ओढता ते जुनं झालं आणि भट्टीच्या मालकांनी लिलावात घेतलं. त्याच्या अंगावरची पितळी पाटी मीच यांना वाचून दाखवली होती. विलायतेतल्या एका गावाचं नाव होतं तिच्यावर. भट्टीवर सगळे त्याला बुटकी म्हणत. हे बुटकीचे ड्रायव्हर, आणि मी भट्टीच्या शाळेत बाई.

दसऱ्याला बुटकीची पूजा व्हायची. चाकांखाली चार लिंबं ठेवायची, ती चिरडत बुटकी हातभर पुढे सरकायची, मग नारळ. पूजा ड्रायव्हरच्याच हातची लागे. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही दोघं नागपूरला होतो, पांढऱ्या कपड्यांत, त्या अफाट गर्दीत. बुटकी त्या दिवशी तशीच उभी राहिली. पुढच्या वर्षी यांनी तिला पुसलं, तेल दिलं, आणि लिंबं घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवलं.

डबे जोडणारा गडी जवळच्या तांड्यातला होता. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. डबा आणि इंजिन यांच्या मधे शिरून जड साखळी आकड्यात अडकवायची, हे त्याचं काम. त्या संध्याकाळी तो आमच्या दारात येऊन बसला.

"तुमचं ठीक हाय, दादा. तुमी वर बसता. मले मधात जा लागते."

"लिंबानं चाक थांबते का, भाऊ?"

"चाक नाई थांबत. पन माहा हात कापत नाई."

हे त्याच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "असं कर. साखळी अडकवून बाहेर निघाला का 'हौ' म्हन. तुहा हौ ऐकल्याबिगर मी बुटकी हालवनार नाई."

"अन मधातच मेलो तं हौ कोन म्हनन?"

"मंग ती हालनारच नाई."

"म्हंजे मेल्यावरबी माहीच वाट पाहान," असं म्हणून भाऊ हसला आणि उठून गेला.

त्या दिवसापासून माझ्या कानाला एक सवय लागली. शाळेतून रूळ दिसत नसत, ऐकू मात्र सगळं येई. आधी साखळीचा खणखणाट, मग भाऊचा लांब 'हौ', मग शिटी. खणखणाट आणि हौ यांच्या मधली ती दोन-चार क्षणांची शांतता मला सहन होत नसे. पाढे म्हणवून घेताना माझा आवाज तिथे थांबायचा. मुलांना वाटे, बाई पुढचं विसरल्या.

तीन-चार वर्षं अशी गेली. मुलांनी तो हौ उचलला. मधल्या सुट्टीत आगगाडीचा खेळ चाले; एकाने वाकून साखळी जोडायची, दुसऱ्याने ओरडायचं. सगळ्यांत हुबेहूब ओरडायची ती भाऊचीच मुलगी, तिसरीतली. मी हसायचे. एकदा भाऊलाही सांगितलं. तो म्हणाला, "गळा माहाच हाय बाई तिचा, अभ्यास तेवढा तुमचा द्या."

थंडीचे दिवस होते. मधली सुट्टी होती. मुलगी शाळेच्या ओट्यावर चढली, तोंडाशी हात धरले आणि ओरडली. साखळी वाजली नव्हती. ते मला कळलं, आणि मी उठेपर्यंत शिटी झाली.

मग एक किंकाळी. मी धावले नाही. मुलगी ओट्यावरून उतरून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, तिकडं कोन ओरडलं?"

भाऊच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. जीव वाचला. हे प्रत्येकाला सांगत राहिले, "मी हौ ऐकला." कुणी मान हलवली, कुणी तीही नाही. घरी आल्यावर मी यांना खरं सांगितलं. त्या पोरांना मीच कधी अडवलं नव्हतं.

"कोनाले सांगतलं?" यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"पोरीले समजलं?"

"नाही."

दुसऱ्या दिवसापासून हे हौ ऐकल्याचं बोलेनासे झाले.

भट्टीवर बोललं जाऊ लागलं, की बुटकी इतकी वर्षं उपाशी होती, तिने आपलं घेतलं. लोक गुपचूप तिच्यापुढे लिंबं ठेवून जाऊ लागले. तिच्यावर चढायला दुसरा माणूस मिळेना. मालकांनी ट्रक लावले, यांना पाण्याच्या पंपावर पाठवलं. भाऊ फाटकावर पहारेकरी झाला.

दोनेक वर्षांनी भंगारवाला आला. सोबत लोखंड कापणारे दोघे, गॅसच्या नळ्या घेऊन. भाऊने फाटकातच त्यांच्यापुढे आपला हात धरला. "हे पाहा. मंग काय कापाचं ते कापा."

कापणाऱ्यांनी नळ्या खाली ठेवल्या. भंगारवाला चिडला. पंपावर उभ्या असलेल्या यांच्याकडे वळून म्हणाला, "ड्रायव्हर तुम्ही होते ना? खरं काय ते सांगा यांना."

मी फाटकासमोरच, शाळेच्या दारात होते. भाऊची मुलगी त्याचा जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी उभी होती. यांनी दर पौर्णिमेला वस्तीत उभं राहून भूत, नवस, उतारा यांच्याविरुद्ध बोलावं, आणि त्यांनाच हे विचारलं जावं. एका वाक्यात त्यांचं नाव धुऊन निघालं असतं. ते वाक्य त्या पोरीने ऐकलं असतं.

"मी तिची पूजा केली नाई, एवढं खरं हाय," हे म्हणाले, आणि पंपाकडे वळले.

कापणारे निघून गेले. बुटकी जिथे होती तिथेच राहिली. आज तिच्याभोवती बाभळी आहेत आणि रूळ कुणीतरी उपटून नेले आहेत. वस्तीतले लोक यांना पुढे कितीतरी वर्षं टोमणा मारत, "दीक्षा घेतली, अन इंजिनाले भेते." हे ऐकून घेत.

ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली; यांच्या आधीच तीही वारली. भाऊ वारल्यावर एकदा आमच्याकडे आली होती. बाहेर खाटेवर यांच्याजवळ बसून म्हणाली, "काका, तवा एक लिंबू ठेवलं असतं, तं माह्या बाबाचा हात राह्यला असता."

मी आत कणीक मळत होते. माझे हात थांबले. आपल्या तोंडून काही निघून जाईल, या भीतीने मी दात घट्ट आवळून धरले.

"चुकलंच माय माहं," हे म्हणाले.