लातूरच्या मॅचला पाचवा कोण

काल लातूरहून परत आलो. अंग असं मोडून आलंय की पाण्याचा तांब्या उचलायलासुद्धा हात नको म्हणतोय... आणि खरं सांगू, खेळून कमी, भांडणं ऐकून जास्त दमलोय.

हैदराबादच्या कॉलेजात शिकणारी आपली नांदेडची पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली की तालमीमागच्या मैदानात बास्केटबॉल खेळतात. बाभळीच्या खांबाला मोटेचं लोखंडी कडं ठोकलंय, तीच बास्केट. मी काही कॉलेजातला नाही. उर्दूच्या पेपरात आपटलो, शाळा तिथंच सुटली, मग कधी उमरीला कापसाच्या जिनिंगवर, कधी मुखेडला मामाकडं, असा हिंडून राहिलोय... पण गडी कमी पडला की मला हाक यायची.

तर लातूरच्या, अशाच सुट्टीवर आलेल्या कॉलेजवाल्या पोरांनी मॅच ठरवली, आणि आपले पाच कोण यावर वाद सुरू झाला. कॅप्टन मधुकर, वकिलांचा मुलगा, चेंडूही त्याचाच. त्याला उंच उंच पोरं हवी होती.

शिकवायला होते खंडूवस्ताद. त्यांनी जन्मात बास्केटबॉल खेळला नव्हता, पण मैदान तालमीचं, मग त्यांना नाही कोण म्हणणार? त्यांचं एकच... आधी समोरचे गडी बघायचे, मग आपले काढायचे. जत्रेच्या फडात कुस्तीची जोड लावतात तसं.

"वस्ताद, ही कुस्ती नाही," मधुकर म्हणायचा.

"मग? समोर माणूसच हाय ना? का म्हैस हाय?"

हे रोज. हॉटेलात चहा थंड व्हायचा, माश्या बसायच्या, पाच काही ठरायचे नाहीत. मध्येच माझं नाव निघायचं आणि मधुकर म्हणायचा, "दत्तू कुठं कॉलेजात आहे?" मी समोरच बसलेला असायचो. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण मी रस्त्याकडं बघत बसायचो... मला एकदा, फक्त एकदा, पाचांत उभं राहायचं होतं. आजवर कुणी मला कशातच धरलं नव्हतं.

शेवटी पाच न ठरवताच निघालो. लढाईमुळं पेट्रोल नाही, कोळशाच्या गॅसवरची मोटर. चढ आला की उतरायचं आणि ढकलायची. अहमदपूरच्या अलीकडं एक देवणी जातीचा वळू रस्त्याकडेला उभा होता. काय जनावर, काय ते वशिंड! मी बघतच राहिलो, तेवढ्यात मोटर सुटली आणि मला मागून पळत जाऊन लटकावं लागलं... असो, विषय सुटला.

लातूरला गंजाच्या, धान्याच्या बाजाराच्या मागं मैदान. वस्ताद सरळ समोरच्या टीमपाशी गेले. एकेकाचा हात धरून पाहिला, खांदा दाबून पाहिला. ती पोरं फिदीफिदी हसायला लागली. मग जोड्या लागायला लागल्या... ह्याला आपला हबीब, त्या उंचाला गंगाधर. शेवटी उरला एक बुटका पोरगा, पारा नुसता, एका जागी ठरेना.

वस्तादांनी मधुकरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ह्याला दत्तू."

"आणि मी?" मधुकर म्हणाला.

"तुला जोड न्हाई बाबा. बस."

कॅप्टनलाच जोड नाही! चेंडू मधुकरच्या हातात होता, घेऊन चालू पडला असता तर मॅचच संपली होती. त्यात लातूरचा कुणीतरी विचारता झाला, "हा पोरगा कोणत्या कॉलेजातला?"

"जोड बघा की," वस्ताद म्हणाले. "कॉलेज काय बघून राहिलात?"

मधुकरनं चेंडू माझ्याकडं फेकला. जोरात... छातीवरच बसला.

खेळ सुरू झाला आणि आम्ही आपापला गडी धरला. असा धरला की चेंडू घरंगळत गेला तरी कुणी जागचा हलेना. हबीब ओरडतोय, "अरे मियां, गेंद किधर जा रई देखो तो!" पण स्वतःही जोड सोडत नव्हता. हाफटाइमपर्यंत त्यांची बास्केट नाही, आमचीही नाही.

वस्ताद खूश. "एकाची बी पाठ मातीला लागू दिली न्हाई!"

मधुकरनं कपाळाला हात लावला. "वस्ताद, इथं बरोबरीत सोडवत नाहीत. कड्यात चेंडू टाकावा लागतो."

"मग टाका की."

"टाकणार कोण? सगळे गडी धरून उभे!"

"ज्याला जोड न्हाई त्यानं टाकावा," वस्ताद म्हणाले. म्हणजे मधुकरनं. पण मग एकानं बसायचं, ते कुणी? "लावलेली जोड मी मोडत नसतो." झालं... ऊन डोक्यावर, आणि बसणारा कुणी ठरेना.

"मी बसतो," मी म्हणालो. मन मोठं वगैरे काही नाही. दमलो होतो, आणि मधुकर त्या कड्याकडं ज्या नजरेनं बघत होता ते बघवत नव्हतं.

मधुकरनं सुंदर बास्केट टाकल्या. पण माझा तो बुटका आता मोकाट सुटला होता... एका बास्केटनं हरलो.

परतीच्या मोटरीत बसलो. मग हबीबनं तोंड उघडलं, "दत्तू को नक्को उठाना था."

"म्या न्हाई उठवला," वस्ताद म्हणाले, "त्योच उठला."

"चूक माझी," मधुकर म्हणाला. "मी गंगाधरच्या जागी जायला हवं होतं. पुढच्या वेळी आधी दत्तूला धरा, मग बाकीचे चार काढा."

"माझ्या जागी का?" गंगाधर उसळला. आणि त्या बाकीच्या चारांवर जुंपली की हो पुन्हा! मधुकर मला विचारत होता, तुला काय वाटतं... मी डोळे मिटून पडून राहिलो. कोळशाचा धूर नाकात जात होता, हाडन्‌हाड दुखत होतं. प्रत्येकाच्या नावावर वाद चालू होता, फक्त माझ्या नावावर कुणी काही बोलत नव्हतं... पोरांनो, तुमचे लई उपकार आहेत.