निमगोरी, गृहकृत्यदक्ष, हजेरी कारकून होण्यास योग्य

मुलुंडच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगच्या बायकांची हजेरी घ्यायला मुलगी हवी होती. ‘अर्ज स्वहस्ताक्षरात पाठवावा.’ मी नुकतीच मॅट्रिक झालेली, घाटकोपरच्या आमच्या चाळीत स्वतःला भलतीच हुशार समजणारी. आत्याने कणकवलीचं स्थळ आणलं होतं आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, “गणपतीपर्यंत नोकरी लागली तर ठीक. नाहीतर आत्याला होकार कळवतो.”

म्हणजे सगळी मदार त्या अर्जावर. पण असा अर्ज आमच्या घरात कुणी लिहिलेलाच नव्हता. बाबा गिरणीत चिकटले ते गाववाल्याचं बोट धरून. समोरच्याचं मन वळवणारी पत्रं मात्र त्यांनी ढीगभर लिहिली होती, थोरल्या ताईच्या लग्नाच्या वेळी. त्यांनी चष्मा लावला आणि सांगायला सुरुवात केली, “लिही. मुलगी निमगोरी, निरोगी, गृहकृत्यदक्ष.”

आणि मी शहाणीने लिहिलं! वर पदरची भर घातली: शिवण, भरतकाम, गायन. गायन! मी गायला लागले की शेजारी दार लावून घ्यायचे. शेवटी ‘पसंती कळवावी, ही विनंती.’ सोबत फोटो, कुंडीला टेकून काढलेला.

आई तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, “सगळा खोटाच लिवतंस गो. चेडू उलट बोलता, पण कामाक मागे सरना नाय. ह्या लिव.”

“अगं, असं लिहितात का?” बाबा कळवळले. “कोण पसंत करील हिला?”

“लग्नाक नाय करूचे. कामाक करतले.”

मला वाटलं, आईच मला कणकवलीला धाडायला निघालीय. रागारागात ते वाक्य लिहिलं. रागात अक्षर मात्र झकास आलं.

बोलावणं आलं. ताईची रेशमी साडी नेसून गेले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले, बघायला आल्यावर बसतात तशी. समोर जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. अर्ज वाचताना त्यांना सारखा खोकला येत होता. तो खोकला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

“वर बघा हो. उलट बोलता म्हणे?”

“कोण म्हणालं?” मी फाडकन विचारलं.

“तुम्हीच लिहिलंय.”

“आईने लिहायला लावलं. आणि कारण असल्याशिवाय नाही बोलत मी.”

“उशिरा आलेली बाई रडायला लागली, वेळेवर आले असं लिहा म्हणाली, तर?”

“रडू दे. नंतर चहा पाजीन. पण लिहीन जेव्हा आली तेव्हाचीच वेळ.”

बाईंनी अर्ज मिटला. “गाणं पुढे कधीतरी ऐकू,” म्हणाल्या.

गणपतीच्या आधी नेमणुकीचं पत्र आलं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आत्या आली तेव्हा तिच्याशी बोलायचं सोडून ते पेपरात डोकं घालून बसले. आईनेच सांगितलं, “वन्सं, त्येंका सांगा, चेडू कामाक लागला. त्येंनी दुसरीकडे बघूचा.”

पहिल्या दिवशी सकाळी दोन डबे भरले गेले. सुरमईची मोठी तुकडी माझ्या डब्यात. बाबांनी आपला डबा उघडून पाहिला, मग माझा.

“ही माझी ना?”

“आता घरात कमावती माणसा दोन आसत,” आई म्हणाली, आणि माझ्या डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.